तरवडाची दोन कुलपे

दोंडाईचा स्टेशन सोडून गाडी शिंदखेड्याच्या दिशेने निघाली, की कपाशीच्या काळ्या शेतांमधून अधूनमधून मुरमाचे उघडे उंचवटे दिसू लागतात. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांत खालून उभ्या घुसलेल्या खडकाच्या भित्तींविषयी तुम्ही भूगोलात वाचले असेल. धुळे-नंदुरबार भागात अशा भित्ती पुष्कळ आहेत. त्यांच्या आजूबाजूच्या खडकाळ जमिनीवर नांगर चालत नाही, त्यामुळे ती माळ म्हणूनच राहते. पावसाळ्यात तेथे गुडघाभर गवत वाढते. दिवाळीनंतर गवत वाळून पिवळे पडते. तरीही काही झुडपे हिरवीगार राहतात आणि त्यांच्या शेंड्यांवर सोनेरी पिवळ्या फुलांचे घोस झुलत असतात. हाच आपला तरवड.

तरवडाला आपल्याकडे कोणी मुद्दाम लावत नाही. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही. पूर्वी कातडी कमावण्यासाठी त्याच्या सालीला मोठी मागणी होती, कारण सालीत टॅनिन भरपूर असते. पुढे दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या वॅटल झाडाच्या सालीने तिची जागा बरीचशी घेतली. तेलंगणात मात्र याच फुलाला मोठा मान आहे. नवरात्राच्या सुमारास तेथे बतुकम्मा सणात फुलांची उतरंड रचतात, तीत तरवडाचे फूल हवेच असते. २०१४ साली तेलंगणाने त्याला राज्यपुष्प म्हणून स्वीकारले. आपल्याकडे ज्या जमिनीवर तो उगवतो तिला कागदोपत्री सर्रास ‘पडीक’ म्हणतात. ज्या जमिनीवर वर्षभर एवढे काही चालू असते तिला पडीक म्हणणे मला तरी पटत नाही.

आमच्या घरामागे असाच एक लहानसा माळ होता. चार वर्षांपूर्वी त्याचे प्लॉट पडले. एका सकाळी जेसीबी आला आणि चार दिवसांत सगळे सपाट झाले. त्याच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी फिरताना मी तरवडाच्या वाळलेल्या शेंगांची एक मूठ सहज खिशात घातली होती. त्या चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा सोलून माझ्या मुलीने औषधाची एक रिकामी बाटली बियांनी अर्धी भरली. ती तेव्हा नववीत होती. “बाबा, आता त्या माळावरचे एवढेच उरले ना?” असे तिने विचारले. खरे म्हणजे तेवढेच उरले होते.

मी भौतिकी शिकवतो, बागेतले मला फारसे कळत नाही. तरी जून लागताच नळाजवळच्या गुलाबाच्या वाफ्यात चाळलेले शेणखत घातले, काळी माती भुसभुशीत केली आणि ओळीने तीस बिया टोकल्या. दोन वेळ पाणी घातले. पोळा आला तरी एकही कोंब दिसला नाही. गुलाबाला मात्र त्या खताचा चांगला उपयोग झाला.

बी किडके निघाले, असे मी जाहीर करून टाकले. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “सर, बी फुगले होते का?” मी ते पाहिलेच नव्हते. माप न घेता निष्कर्ष काढू नका, असे वर्गात वर्षानुवर्षे बजावणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे!

बी रुजण्याची पहिली पायरी म्हणजे पाणी शोषणे. हरभरा रात्री भिजत घातला, की सकाळी टपोरा होतो आणि त्याचे वजन जवळजवळ दुप्पट भरते. हे पाणी आत गेल्याशिवाय बियातील गर्भ जागा होत नाही. तेव्हा बाटलीत उरलेल्या बियांवर आम्ही एक साधा प्रयोग केला. तो तुम्हालाही करता येईल.

तरवडाच्या वीस-वीस बिया तीन वाट्यांत मोजून घ्या. प्रत्येक गटाचे वजन शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर करून वहीत लिहून ठेवा. पहिल्या गटाला काहीही करू नका, साध्या पाण्यात टाका. दुसऱ्या गटातील प्रत्येक बी सुताराकडे मिळतो त्या काचकागदावर एका बाजूने हळूहळू घासा. वरचा तपकिरी, चकचकीत थर जाऊन आतला फिकट रंग दिसला, की थांबा. बियाच्या निमुळत्या टोकाकडून घासू नका, कारण कोवळे मूळ त्या बाजूला असते. मग या बियाही साध्या पाण्यात टाका. तिसऱ्या गटासाठी पाणी उकळून खाली उतरवा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि ते बियांवर ओता. बिया पाण्यात ठेवून उकळायच्या नाहीत, नाहीतर त्या शिजतील. लहान विद्यार्थ्यांनी हे काम मोठ्या माणसांकडून करून घ्यावे. चोवीस तासांनी तिन्ही गटांतील बिया टिपकागदाने कोरड्या करून पुन्हा वजन करा.

आमच्याकडे पहिल्या वाटीतील एखाद-दुसरे बी सोडले तर बाकीच्या बिया खड्यांसारख्या तशाच राहिल्या. वजनातही म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुसऱ्या वाटीतील बहुतेक सर्व बिया फुगून मऊ झाल्या होत्या. तिसऱ्या वाटीत संमिश्र निकाल होता, काही फुगल्या आणि काही नाहीत. म्हणजे बी किडके नव्हते. ते कुलूपबंद होते!

हे कुलूप बियाच्या सालीत, म्हणजे बीजावरणात असते. त्याच्या बाहेरच्या बाजूस लांबट पेशींचा एक थर असतो. उभ्या विटा एकमेकींना खेटून लावाव्यात तशा या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या भित्ती जाड असतात, त्यांत पाणी न धरणारे पदार्थ असतात आणि मधे फट राहत नाही. हा थर शाबूत आहे तोपर्यंत बी पाण्यात महिना-महिना पडून राहिले तरी आतून कोरडेच असते. काचकागदाने आपण या भिंतीला एक खिडकी पाडतो. गरम पाण्याने बीजावरण एकदम तापते, त्याचे निरनिराळे भाग सारखे प्रसरण पावत नाहीत आणि जेथे ते मुळात कमकुवत असते तेथे फट पडते. जाड काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतल्यावर काय होते, ते आठवा.

माळावर काचकागद घेऊन कोण बसलेले असते? तेथे हे काम ऊन करते. मे महिन्यात हवेचा पारा ४२-४३ अंशांवर असतो, तेव्हा उघडा मुरूम त्याहून कितीतरी अधिक तापतो. पहाटे तो पुन्हा निवतो. असे रोज तापणे आणि निवणे चालू राहिले, की बीजावरण थकते आणि शेवटी त्याला सूक्ष्म चीर पडते. वाहत्या पाण्याबरोबर खड्यांवर घासले जाणे आणि गुरांच्या खुरांखाली रगडले जाणे हेही मदतीला असतेच. मात्र सर्व बिया एकाच वर्षी उघडत नाहीत. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, तर काही पाच-सात वर्षांनी उघडतात.

यात तरवडाचा काय फायदा? आपल्या भागातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. मृगाच्या दोन सरी चांगल्या पडतात, पेरण्या होतात, अंकुर वर येतात आणि मग पाऊस तीन आठवडे ओढ देतो. कोवळी रोपे माना टाकतात. घरात बियाणे शिल्लक असेल तर दुबार पेरणी करता येते, नसेल तर उधारीवर आणावे लागते. तरवडाला उधारी कोण देणार? म्हणून त्याचे दुबार, तिबार पेरणीचे बियाणे त्याच मातीत कुलूप लावून ठेवलेले असते. एका वर्षीची सगळी रोपे जळाली तरी वंश बुडत नाही.

हे कुलूप किती काळ टिकू शकते? पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जुन्या बियांचा संग्रह आहे. पॉल बेकेरेल या शास्त्रज्ञांनी तेथील बिया रुजवून पाहिल्या. हे आडनाव भौतिकीच्या विद्यार्थ्यांना ओळखीचे वाटेल! १७७६ साली गोळा केलेल्या एका जातीच्या बिया त्यांच्याकडे रुजल्या. १९३४ साली त्यांनी ही हकिगत प्रसिद्ध केली. म्हणजे त्या बिया १५८ वर्षे झोपून होत्या. ती जात तरवडाचीच जवळची नातेवाईक होती. तेव्हा या सर्वांना ‘कॅसिया’ या एकाच प्रजातीत धरत. १९८२ साली या मोठ्या प्रजातीची नीट फोड झाली आणि तेव्हापासून तरवडाचे ‘सेना ऑरिक्युलाटा’ हे नाव रूढ झाले. लॅटिनमध्ये ‘ऑरिक्युला’ म्हणजे लहान कान. तरवडाच्या पानाच्या देठाशी, दोन बाजूंना, कानाच्या पाळीसारखी गोलसर उपपर्णे असतात. त्यांवरून लिनियसने हे नाव दिले. पावसाळ्यात जागोजाग उगवणारा टाकळा याच प्रजातीतला आहे आणि त्याचीही फुले पिवळीच असतात. मात्र त्याच्या शेंगा काडीसारख्या बारीक व लांब असतात आणि देठाशी असे कान नसतात. ही खूण लक्षात ठेवा.

आता लागवडीचे. पाण्यात फुगलेले बी लगेच पेरावे. लांब आणि अरुंद पिशवी घ्यावी, कारण तरवडाचे सोटमूळ पानांच्या आधी खाली धावते. उथळ कुंडीत ते तळाशी वेटोळे घालते आणि मग रोप कधीच जोम धरत नाही. पिशवीत दोन भाग मुरूम व एक भाग माती भरावी, बी अर्धे पेर खोल ठेवावे आणि चार-पाच पाने येताच पाऊस चालू असतानाच रोप कायमच्या जागी लावावे. माळावरचे मोठे झुडूप उपटून आणू नये. मूळ तुटते, झुडूप मरते आणि माळावरचेही एक कमी होते. शेंगासुद्धा मूठभरच घ्याव्यात, बाकीच्या झाडावर राहू द्याव्यात.

जागा दिवसभर उन्हाची हवी. दोंडाईच्यासारख्या ठिकाणी अंगणात बहुधा काळी माती असते आणि तेथेच माझी पहिली चूक झाली होती. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली असताना फुगते आणि वाळताना भेगाळते. कोवळ्या मुळांना हे दोन्ही मानवत नाही. म्हणून गुडघाभर खोल खड्डा घेऊन तो मुरमाने भरावा आणि वर वीतभर उंचवटा करावा. आम्ही बांधकामावरून उरलेली खडी वापरली. खत घालू नये. खताने पाने माजतात आणि फुले मागे पडतात. शेतकरी कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी दाखवतो, तशा गाठी याच्या मुळांवर शोधू नका. तरवड त्याच शिंबावंत कुळातला असला तरी सेना प्रजातीत त्या सहसा नसतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक तांब्या पाणी द्यावे, पुढे तेही नको. आमची पाच रोपे जगली. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ती कमरेएवढी झाली आणि दसऱ्याच्या सुमारास पहिल्या कळ्या दिसल्या.

माळाचे फूल अंगणात आणण्याचा हा खटाटोप जगात इतरत्रही चालतो. अमेरिकेच्या मध्यभागी पूर्वी मैलोगणती पसरलेली गवताळ मैदाने होती, त्यांना प्रेअरी म्हणतात. त्यांतील बहुतेक जमीन नांगराखाली गेली. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९३०-४० च्या दशकात मॅडिसन येथे जुन्या शेतजमिनीवर पुन्हा प्रेअरी उगवण्याचा प्रयत्न सुरू केला आणि ते मैदान आजही तेथे आहे. तिकडे आता पुष्कळ लोक घरच्या बागेत प्रेअरीची फुले लावतात. त्यांनाही सुरुवातीला बियांनी असेच चकवले. तेथील अनेक बियांना थंडीचे कुलूप असते. ओल्या वाळूत घालून काही आठवडे शीतपेटीत ठेवल्याशिवाय त्या उगवत नाहीत, कारण एरवी हिवाळ्याच्या तोंडावर उगवून त्या बर्फात मेल्या असत्या. त्यांना भीती बर्फाची, आपल्या तरवडाला पावसाच्या ओढीची.

फुले आली, म्हणजे काम संपले असे मला वाटले. पण पहिल्या बहराची फुले नुसतीच गळून गेली, शेंग एकही धरली नाही. तेव्हा दुसऱ्या कुलपाचा पत्ता लागला.

तरवडाचे फूल हातात घेऊन भिंगाखाली पाहा. पाच पाकळ्या आणि दहा पुंकेसर दिसतील. वरचे तीन वांझ असतात, बाकीच्यांना परागकोश असतात. जास्वंदीचा परागकोश पिकला की उभा चिरतो आणि पराग बाहेर पडतात, बोट लावले तरी पिवळे होते. तरवडाचा परागकोश चिरत नाही. त्याच्या टोकाशी फक्त बारीक छिद्र असते, मिठाच्या डबीला असावे तसे. आतले परागकण कोरडे व सुटे असतात, पण डबी हलवल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. शिवाय या फुलात मध नसतो. आमच्या अंगणात मधमाश्या येत आणि घिरट्या घालून निघून जात. डबी हलवण्याची युक्ती त्यांना साधत नाही.

ती साधते मोठ्या काळ्या भुंग्याला. निळसर झाक असलेल्या पंखांचा, वाळक्या लाकडाला गोल भोक पाडून राहणारा भुंगा तुम्ही पाहिला असेल. फुलावर उतरल्यावर तो परागकोशांना घट्ट धरतो, पंख पाठीवर मिटतो आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू मात्र थरथरवतो. सारे फूल कंप पावते आणि छिद्रांतून परागांचा फवारा उडतो. काही पराग भुंगा पिलांसाठी नेतो, काही त्याच्या अंगावर चिकटून दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसराला लागतात. माझी मुलगी पेटी शिकते. तिच्या कानाने आधी टिपले, “उडताना वेगळा सूर आहे, फुलावर बसला की सूर चढतो.” तिचे बरोबर होते. फुलावरच्या कंपनाची वारंवारता उडतानाच्या गुंजारवापेक्षा जास्त असते.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून २५६ हर्ट्झचा नादकाटा घरी आणला. सकाळी नुकते उमललेले फूल घेतले, त्याखाली काळा कागद धरला, नादकाटा रबरावर आपटला आणि त्याची भुजा परागकोशाला अलगद टेकवली. कागदावर पिवळी धूळ पडली! शांत नादकाटा टेकवून पाहा, काही पडणार नाही. शिक्षकांनी हा प्रयोग ध्वनीच्या पाठाला जोडून जरूर दाखवावा. कंपन म्हणजे काय, ते येथे डोळ्यांना दिसते.

इतक्या लहान हालचालीने असे काय होते? दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. साध्या आवर्त गतीत सर्वांत मोठे त्वरण ४π²f²A इतके असते. येथे f ही वारंवारता आणि A हा आयाम. आयाम फक्त ०.१ मिलिमीटर धरला आणि वारंवारता २५६ हर्ट्झ, तर त्वरण सुमारे २५९ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. गुरुत्वीय त्वरणाच्या ते २६ पट आहे! परागकोशाच्या भिंती कणांना टोले मारतात, कण कॅरमच्या सोंगट्यांसारखे एकमेकांवर व भिंतींवर आपटत वेग घेतात आणि ज्याच्या वाटेत छिद्र येते तो बाहेर पडतो. बुखमन व हर्ली या दोघांनी १९७८ साली परागकोश म्हणजे एक पेटी आणि पराग म्हणजे तीत उसळणारे चेंडू, असे समजून या क्रियेचे गणित मांडले. सूत्रात वारंवारतेचा वर्ग आहे, हे ध्यानात घ्या. भुंगा सूर का चढवतो, याचे एक कारण त्यात दिसते.

वांगी आणि टोमॅटो यांच्या परागकोशांनाही टोकाशीच वाट असते. भरिताच्या वांग्याचे फूल खानदेशात कोणालाही मिळेल, तेव्हा तरवड नसेल तर नादकाटा त्याला लावून पाहा.

तर आमच्या अंगणात भुंगाच नव्हता. माळाबरोबर जुनी बाभळीची खोडेही गेली होती, तो राहणार कुठे? तोंडलीच्या मांडवाचे जुने बांबू मी काढून टाकणार होतो, ते तसेच राहू दिले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांत बोटभर रुंदीची भोके दिसली आणि खाली लाकडाचा भुसा पडू लागला. घरातून तक्रार झाली, पण त्याच वर्षी तरवडाला शेंगा लागल्या. आता पानांवर हिरव्या अळ्याही असतात. त्या फिकट पांढऱ्या-पिवळसर फुलपाखरांच्या आहेत. त्या थोडी पाने खातात, म्हणून औषध मारायचे कारण नाही.

बाटली पुन्हा भरली आहे. मुलीने तीवर वर्ष लिहून चिठ्ठी लावली आहे. परंतु सांगायची गोष्ट वेगळीच आहे. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नळाजवळ गुलाबाची खुरपणी करताना एक अनोळखी रोप हाताला लागले. उपटणार एवढ्यात मुलगी ओरडली, “बाबा, थांबा, त्याला कान आहेत!” खरोखरच देठाशी दोन गोल पाळ्या होत्या. ज्या तीस बिया मी मेल्या म्हणून जाहीर केल्या होत्या, त्यांतील एकीने चौथ्या पावसाळ्यात कुलूप उघडले होते. गुलाब हलवायचा की तरवड, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.